बिनव्याजी पैशाचा हिशोब

बँकेच्या कारभारात व्याजाचा दर एकटाच चार माणसांचे काम करतो. ठेवीदाराला मोबदला त्यातून मिळतो, कारकुनाचा पगार त्यातून निघतो, बुडालेल्या कर्जाची भरपाई त्यातून होते आणि वेळेवर फेडणारा व रखडवणारा यांच्यातला फरकही त्यातूनच कळतो. इस्लामी वित्तसंस्थेने हा दर बाजूला ठेवला की ही सगळी कामे दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावी लागतात. काही कामे कराराच्या मसुद्यावर येतात, काही सेवाशुल्कावर, काही राखीव निधीवर आणि उरलेली माणसांच्या सचोटीवर. सचोटीची नोंद ताळेबंदात होत नाही. त्यामुळे या संस्थांत कारभार कोण पाहतो, त्याच्यावर नजर कोणाची आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न नेहमीच्या बँकेपेक्षा जास्त निकडीचे ठरतात.

इस्लामी अर्थव्यवहारात तीन गोष्टी वर्ज्य मानल्या आहेत. रिबा म्हणजे उसन्या दिलेल्या पैशावर ठरवून घेतलेली वाढ. घरर म्हणजे ज्यात काय विकले जाते आहे तेच धड ठरलेले नाही असा संदिग्ध सौदा. मैसिर म्हणजे जुगार. दारू, डुकराचे मांस, सट्टा अशा धंद्यांत पैसा लावणेही निषिद्ध आहे. एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यामानाने दुसरी बाजू कमी ठाऊक असते. कुराणातील सर्वांत लांब आयत ही देण्याघेण्याच्या व्यवहाराची लेखी नोंद करण्याविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, घेणाऱ्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतक्या बारकाव्याने तिथे सांगितले आहे. जुन्या मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात फिरून वजने-मापे आणि मालातली भेसळ तपासत असे. हिशोबाची वही आणि तपासनीस या दोन्ही गोष्टी या परंपरेला अगदी सुरुवातीपासून परिचित आहेत.

वऱ्हाडाला व्याजाचा जाच पुस्तकातून शिकावा लागला नाही. पेरणीच्या तोंडावर बियाणे न्यायचे आणि सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करायचे, ही सवाई-दिडी गावोगाव चालत होती. कापसाने या मुलखात रोकड आणली, तसा सावकारही आणला. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना कर्ज लवादाच्या कायद्यासाठी झटले आणि १९३३ मध्ये तो कायदा झाला. शेतकरी आणि सावकार यांच्यात मंडळामार्फत तडजोड घडवण्याची ती वाट होती. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी वलगाव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी याच गावाजवळ देह ठेवला. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्नाचा थाट करू नका, हे त्यांनी जन्मभर कीर्तनातून सांगितले. कर्जाने माणूस कसा पिचतो हे या भागातल्या हिंदू-मुसलमान दोघांनीही सारखेच पाहिले आहे. बिनव्याजी पैशाची कल्पना त्यामुळे इथे परकी वाटत नाही. प्रश्न असतो तो ती चालवायची कशी, हा.

बिनव्याजी व्यवहाराचे करार अनेक आहेत, पण पाया दोन प्रकारांचा. एकात नफा-तोटा वाटून घेतला जातो: मुदारबात एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत, मुशारकात दोघांचाही पैसा. दुसऱ्यात खरीच वस्तू मध्ये येते: मुराबहात संस्था वस्तू विकत घेऊन ठरलेल्या नफ्याने हप्त्यांवर विकते, इजारात ती भाड्याने देते. यांच्याशिवाय कर्ज-ए-हसना असते. त्यात घेतली तेवढीच रक्कम परत करायची.

मुराबहाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण कारभाराची खरी कसोटी तिथे लागते. समजा वलगावातल्या एका बाईला घरी पिठाची गिरणी टाकायची आहे आणि गिरणीची किंमत ६०,००० रुपये आहे. संस्था अमरावतीच्या दुकानदाराकडून गिरणी स्वतः विकत घेते आणि त्या बाईला ६६,००० रुपयांना विकते. दरमहा ५,५०० रुपयांचे बारा हप्ते ठरतात. वरचे ६,००० हे व्याज का नाही? कारण मधल्या काळात गिरणी संस्थेच्या मालकीची होती. अमरावतीहून येताना ती टेम्पोतून पडून मोडली असती तर नुकसान संस्थेचे झाले असते. नफा त्या जोखमीचा आहे. आणि हप्ता चुकला म्हणून ६६,००० चे ६८,००० करता येत नाहीत.

आता हाच व्यवहार आळसाने केला तर काय होते ते पाहावे. दुकानदाराचे बिल थेट बाईच्या नावाने फाडले, संस्थेने ६०,००० रोख दिले आणि वर्षभरात ६६,००० वसूल केले. कागदावर मथळा मुराबहाचाच, पण व्यवहार दहा टक्के व्याजाचा. फरक फक्त बिलावरच्या नावात आणि तारखेत आहे. फाइल उघडून ते बिल पाहणारा कोणी नसेल तर संस्था कितीही धार्मिक असो, हळूहळू सोपी वाट धरतेच. वाईट हेतू लागत नाही, गर्दीचा दिवस आणि घाईतला कारकून पुरतो.

भारतात हे सारे बँक म्हणून करता येत नाही. बँकिंग नियमन कायदा, १९४९ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, म्हणजे मुराबहाची वाटच बंद. वैधानिक तरलतेसाठी बँकेला सरकारी रोखे बाळगावे लागतात आणि ते व्याजाचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या आनंद सिन्हा अभ्यासगटाने २००६ च्या सुमारास हाच निष्कर्ष काढला होता. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची वाट काढावी असे सुचवले, डिसेंबर २०१५ मध्ये दीपक मोहंती समितीने साध्या बँकांत बिनव्याजी खिडकी उघडण्याची शिफारस केली. बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये अशा प्रकारचा छोटा प्रयोग केला तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये माहिती अधिकारातील एका उत्तरातून रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे कळले. तेव्हापासून विषय तिथेच आहे.

बँकेचा दरवाजा बंद असला तरी शेजारचे दोन उघडे राहिले. पहिला भांडवल बाजाराचा. टाटांचा आज टाटा एथिकल फंड म्हणून ओळखला जाणारा म्युच्युअल फंड १९९६ पासून चालू आहे. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये शरियाला, म्हणजे इस्लामी धर्मनियमांना, धरून असलेला निर्देशांक सुरू केला. बँका, दारू, तंबाखू, जास्त कर्जबाजारी कंपन्या गाळायच्या आणि उरलेल्यांत पैसा लावायचा, अशी ही रीत. दुसरा दरवाजा सहकाराचा, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. १९७० च्या दशकात मुंबईत बैतुन्नस्र अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी उभी राहिली. ती पुढे टिकली नाही, पण तिने वाट दाखवली. २०१० मध्ये नोंदलेली जनसेवा को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी मुंबईहून बहुराज्य संस्था म्हणून बिनव्याजी काम करते. उत्तरेत देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ चा, नजीबाबादचा १९७१ चा. तिथे दागिना तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देण्याची पद्धत रुळली.

या औपचारिक संस्थांच्या खाली भिशी आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहू नये. वीस जणांनी दरमहा हजार रुपये काढायचे, चिठ्ठी निघेल त्याने वीस हजार न्यायचे, ही साधी भिशी पूर्ण बिनव्याजी आहे आणि मोहल्ल्यात ती कोणालाच समजावून सांगावी लागत नाही. लिलावाची भिशी मात्र वेगळी. तिथे गरजू माणूस सतरा हजारांवर राजी होतो आणि सोडलेले तीन हजार बाकीच्यांत वाटले जातात. नाव भिशीचेच राहते, पण गरज जितकी मोठी तितका तोटा मोठा, म्हणजे सावकारीचेच गणित. शरियाचा अभ्यासक पहिलीला हरकत घेत नाही, दुसरीला घेतो, आणि वरकरणी सारख्या दिसणाऱ्या दोन व्यवहारांतला भेद कोणत्याही व्याख्येपेक्षा या उदाहरणातून नीट समजतो.

बिनव्याजी पतसंस्थेची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सेवाशुल्क. कर्ज-ए-हसना देणाऱ्या संस्थेलाही जागेचे भाडे, वीज, पगार, लेखापरीक्षकाची फी चुकत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मानला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात प्रत्यक्ष खर्चापुरते शुल्क घेण्यास मान्यता मिळाली. त्याहून जास्त घेतलेला पैसा मात्र व्याजातच जमा. नियम एका वाक्याचा आहे, पाळायला अवघड आहे. समजा संस्थेची सरासरी येणे कर्जे दीड कोटीची आणि वर्षाचा खर्च नऊ लाखांचा. मग शुल्क सहा टक्क्यांच्या आसपास यायला हवे. वर्षअखेर शुल्कापोटी बारा लाख जमा झाले असतील तर वरचे तीन लाख कोणाचे? कर्जदारांना परत करावेत, पुढच्या वर्षीचे शुल्क तेवढे उतरवावे, की राखीव निधीत टाकावेत? लाभांश म्हणून वाटले तर ते सरळसरळ व्याज झाले. काही मुस्लिम फंडांत शुल्काऐवजी कर्जाचा अर्जच विकत घ्यावा लागे, आणि मोठ्या कर्जाच्या अर्जाची किंमत मोठी असे. दहा हजारांचा अर्ज आणि पन्नास हजारांचा अर्ज लिहायला शाई तेवढीच लागते, हा आक्षेप उलेमांपैकीच अनेकांनी घेतला, आणि तो योग्यच होता.

म्हणून अशा संस्थेला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. हा व्यवहार शरियाला धरून आहे का, हा पहिला. पैसा जागेवर आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मुफ्ती देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर लेखापरीक्षकच देऊ शकतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालवून घेतले की घात होतो.

बेंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायझरी ही कंपनी २००६ मध्ये सुरू झाली आणि जून २०१९ मध्ये कोसळली. हलाल नफ्याच्या नावाखाली तिने हजारो कुटुंबांचा पैसा गोळा केला होता. गुंतवणूकदाराला ठेवीदार न म्हणता भागीदारी संस्थेचा भागीदार केले जाई, म्हणजे तो नफा-तोट्याचा वाटेकरी. कागदावर ते मुदारबा-मुशारकाच्या अगदी जवळचे. पण या भागीदारांच्या हातात हिशोबाची वही कधी आली नाही. दरमहा अडीच-तीन टक्के मिळत होते आणि ते जवळपास ठराविक होते. खऱ्या व्यापारात नफा महिन्याला वर-खाली होतो, कधी तोटाही येतो. ठराविक ‘नफा’ हीच व्याजाची खूण, आणि ती शोधायला मुफ्ती असण्याचीही गरज नव्हती. अनेकांनी मात्र व्यासपीठावर कोण मौलाना बसले आहेत एवढेच पाहिले. त्याच वर्षी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे आणि त्याखाली मालमत्ता जप्त करता येते. पण जप्ती बुडाल्यानंतर येते.

जगभरच्या इस्लामी बँकांनी पहिल्या प्रश्नासाठी शरिया मंडळ नेमण्याची रीत पाडली. १९९० च्या करारातून बहारीनमध्ये उभ्या राहिलेल्या आयोफी या हिशोब-मानके ठरवणाऱ्या संस्थेने किमान तीन अभ्यासकांचे मंडळ आणि वार्षिक अहवालात त्यांचे लेखी मत असा दंडक घातला. २००२ मध्ये क्वालालंपूरला स्थापन झालेल्या इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्डाने डिसेंबर २००९ मध्ये शरिया कारभाराची मार्गदर्शक तत्त्वे दिली. अडचण मानवी आहे. मंडळाचे मानधन बँकच देते, आणि ज्याच्या करारावर मत द्यायचे त्याच्याच हातून पाकीट घ्यायचे. नावाजलेले अभ्यासक थोडे, त्यामुळे एकेक जण अनेक संस्थांत बसतो. मलेशियाने यावर नेमका इलाज केला: एका प्रकारच्या एकाच संस्थेच्या मंडळावर बसायचे, बँकेत किमान पाच सदस्य हवेत, आणि मंडळाखाली शरिया परीक्षण करणारा स्वतंत्र विभाग हवा. तिथल्या २०१३ च्या कायद्याने शरियाभंगाला तुरुंगवासापर्यंतची शिक्षा ठेवली. उलट टोकाचे उदाहरण २०१७ चे. आखातातील दाना गॅस कंपनीने आपणच विकलेले सुमारे ७० कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, शरियाला धरून नाहीत, म्हणून ते देणे लागू होत नाही, असा दावा कोर्टात केला. पैसा घेताना चाललेला फतवा फेडताना चालेना. प्रकरण पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले, पण धर्ममताचा असा वापर होऊ शकतो हे सगळ्यांना दिसले.

या बँकांच्या कारभारातला आणखी खोल प्रश्न मंडळाने सुटत नाही. मुदारबा खात्यात पैसा ठेवणारा माणूस तोटा सोसतो, पण तो भागधारक नसतो. बँकेच्या सभेत त्याला मत नाही, संचालक निवडण्यात त्याचा हात नाही. जोखीम भागधारकासारखी आणि अधिकार खातेदाराएवढे. कैरोपासून क्वालालंपूरपर्यंत याच्यावर परिषदा झाल्या, नफा समान राखणाऱ्या गंगाजळ्या काढल्या गेल्या, आणि त्या गंगाजळीत कोणाचा पैसा जातो याचा नवा वाद निघाला.

महाराष्ट्रातल्या पतसंस्थेत या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार पतसंस्था सभासदांकडूनच ठेव घेते, सभासदांनाच कर्ज देते आणि प्रत्येक सभासदाला एक मत असते, भाग एक असो की शंभर. जोखीम घेणारा आणि जाब विचारणारा माणूस एकच. इस्लामी वित्तव्यवहाराला जी रचना शोधूनही नीट सापडत नाही, ती अमरावती-अकोल्याच्या गल्लीबोळात तयार मिळते. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची कदर अजून झालेली नाही.

अर्थात कायद्यात आहे म्हणून सभेत असतेच असे नाही. ठेवीदारांना नाममात्र सभासद करून घेण्याची वाट अनेक पतसंस्था धरतात, आणि नाममात्र सभासदाला मत नसते. मग मुदारबा खात्यातला तोच दोष आपल्याच दारात येतो. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते. ठरल्या वेळी गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि विषयपत्रिकेवरचा एकेक विषय ‘सर्वानुमते मंजूर’ होत जातो. अहवालाची प्रत शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. बायका सभासद असल्या तरी सभेला त्यांच्या नावाने दुसरेच कोणी सही करून जाते. बिनव्याजी संस्थेत ही ढिलाई जास्त महागात पडते, कारण पतसंस्थेच्या ठेवींना बँकांसारखे पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण नाही. सभासदाने ठेव ठेवताना हे त्याला तोंडी आणि लेखी, दोन्ही रीतीने सांगितले गेले पाहिजे. ठेवीवर व्याज नाही हे सांगायचे आणि विमा नाही हे गाळायचे, याला अर्धसत्य म्हणतात.

पैशांच्या थैल्या वेगळ्या ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे. मोहल्ल्यातल्या बैतुल मालमध्ये, म्हणजे सामायिक धर्मनिधीत, जकात येते, रमजानमध्ये फितऱ्याचे दान येते, कुर्बानीच्या कातड्यांचे पैसे येतात. जकात कोणाकोणाला द्यायची याचे आठ प्रकार कुराणाने ठरवून दिले आहेत. तो पैसा पतसंस्थेच्या कर्जखात्यात तात्पुरताही वळवता येत नाही. ठेव ही अमानत, भागभांडवल ही जोखीम, जकात हा गरिबाचा हक्क. तिन्हींच्या पावतीपुस्तकांचा रंगही वेगळा असला तर बरे. एक चौथी लहानशी थैलीही लागते. कायद्याने राखीव निधी गुंतवावाच लागतो आणि त्यावर बँकेकडून व्याज जमा होते. ते उत्पन्नात न धरता वेगळ्या खात्यात टाकून दानधर्मात काढायचे, अशी पद्धत आहे. हे खाते अहवालात दिसले पाहिजे, नाहीतर त्याच पैशातून कार्यालयाचे पंखे येतात.

शेवटी थकबाकी. अडचणीत सापडलेल्या ऋणकोला सवड द्यावी आणि माफ करता आले तर ते उत्तम, अशी कुराणाची शिकवण आहे. सोयाबीन पावसात सडले, कपाशीवर बोंडअळी आली, की वऱ्हाडातल्या कर्जदाराला सवड द्यावीच लागते. वेळेवर न फेडल्याचा दंड लावलाच तर तो संस्थेच्या उत्पन्नात येत नाही, दानात जातो. पण संस्थेच्या हातातला पैसा तिचा स्वतःचा नाही, दुसऱ्या सभासदांची अमानत आहे. दया दाखवणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, असे होता कामा नये. सवड दिली तरी लेखापरीक्षकाच्या यादीत ते कर्ज मुदत संपल्यावर थकीतच दिसले पाहिजे आणि त्यासाठी तरतूद झाली पाहिजे. सवड खऱ्या नापिकीसाठी दिली की संचालकाच्या मेहुण्यासाठी, हे ठरवायला चांगल्या संस्था साधी रीत पाळतात: तलाठ्याचा पीक-नुकसानीचा दाखला आणि जामीनदाराचे म्हणणे फाइलला लागते, ज्या संचालकाचा कर्जदाराशी संबंध आहे तो त्या विषयापुरता खोलीबाहेर जातो, आणि तो बाहेर गेल्याची नोंद वेळेसह प्रोसिडिंग बुकात लिहिली जाते.